बासचं सामान, गंगापूरचा गाळ आणि एक मरळ

नाशिकच्या गंगापूर, दारणा या धरणांत बास नावाचा मासा नाही, हे आधीच लिहून टाकतो. मी ज्या दुकानातून रॉड घेतला तिथला माणूस "गंगापूरला भारी बास लागतो सर" असं छातीठोक सांगत होता. बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरीने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला, आणि त्या विक्रमाची बरोबरी थेट २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात झाली. तिथेही तो बाहेरून नेऊन सोडलेला मासा. आपल्या गोदावरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. इथे रोहू, कटला, चिलापी, शिवडा आणि मरळ. बासच्या सामानाचा उपयोग यातल्या मरळीला होतो, कारण तीही गवतात दबा धरते आणि वरून जाणाऱ्या बेडकावर झडप घालते. बाकीच्यांसाठी साधा गळ, कणीक नाहीतर गांडूळ पुरे.

आम्ही गंगापूर धरणावर गंगावऱ्हे-सावरगावच्या बाजूने उतरलो, मी आणि मामेभाऊ. नकाशात पाणी रस्त्याला टेकलेलं दिसतं. ते भरलेल्या धरणाचं चित्र आहे. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं आणि मधे जे उरतं त्याबद्दल कुणीही व्हिडिओत बोलत नाही. आधी द्राक्षबागांची आणि रिसॉर्टची कुंपणं, त्यांना वळसा. मग गाळपेर जमिनीचे, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरलेले वाफे, ते तुडवायचे नाहीत. मग भेगा पडलेली काळी जमीन, वरून कडक. आणि शेवटच्या पट्ट्यात ही वरची खपली फुटते. आधी घोटा, चार पावलांवर गुडघा. मामेभावाचा बूट आतच राहिला. हात घालून काढला तेव्हा सोबत बादलीभर चिखल आला. वाफ्यातला शेतकरी लांबून ओरडला, "दादा, तिकडून नका जाऊ, परवा म्हैस अडकली होती!" हे त्याने आधी का नाही सांगितलं, असं मनात आलं, पण आम्हीही विचारलं नव्हतं.

तर उपाय असा. काठावर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात. मोटारीपर्यंत रोज माणूस जातो, म्हणून पाइपाच्या कडेने दगड टाकलेली नाहीतर पायाखालची घट्ट वाट असतेच. विचारून त्याच वाटेने जायचं. वाट नसेल तर ती जागा सोडायची, समोर कितीही मासे उडोत. गमबूट अजिबात नकोत, गाळ ते धरून ठेवतो. मागे पट्टा असलेली सँडल बरी. एकट्याने तर जाऊच नका, आणि पाण्यात उतरून अडकलेला गळ सोडवायचा शहाणपणाही नको.

आता पैशांचं. पाण्याजवळ टेकतो न टेकतो तोच मोटारसायकलवरून एक जण आला. "ठेका आमचा आहे, गळाला पाचशे." दोन रॉड, म्हणजे हजार! धरणातली मासेमारी मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिली जाते हे खरं, त्यामुळे असा माणूस खोटाच असेल असं नाही. पण पावती मागितल्यावर तो दोनशेवर आला, आणि पुन्हा मागितल्यावर "चहापाण्याचं बघा" म्हणाला. यावरून काय ते समजा. सकाळी जाळी काढून होड्या लागतात तिथे जाऊन आधीच विचारायचं, पैसे लागत असतील तर पावती घेऊनच द्यायचे. ते नाही म्हणाले तर नाही, हुज्जत नको. धरणाच्या भिंतीकडे गळ घेऊन फिरकायचंच नाही.

सामानाचा हिशेब थोडक्यात. सात फुटी मीडियम-हेवी रॉड, ३००० नंबरचं स्पिनिंग रीळ, ३० पौंड ताण सोसणारी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे हातभर लांबीचा जाड तंगूस (नायलॉनचा धागा), कारण मरळीला दात असतात. बेटकास्टर, म्हणजे रॉडवर आडवं फिरणारं रीळ, घरी ठेवा. वाऱ्यात त्याचा जो गुंता होतो तो सोडवण्यात सकाळ जाते. तिहेरी गळांचे क्रँकबेट (माशाच्या आकाराची कडक नकली आमिषं) म्हणजे इथे शुद्ध पैशांची नासाडी. बुडालेल्या बाभळी आणि जुने मोटारपाइप एकेक करून सगळे गिळतात. दुकानदाराने गळ्यात मारलेले महागडे चारही तिथेच आहेत, कुणाला सापडले तर ठेवून घ्या. टेक्सास रिग चालतो, कारण गळाचं टोक रबरी किड्याच्या आत लपलेलं असतं. पण खरं काम पोकळ रबरी बेडकाचं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर एका अरुंद खाचेत, गवताच्या कडेला, ती वर आली. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे अधूनमधून तिला पाण्यावर यावंच लागतं आणि जागा कळते. बेडूक तिच्या अंगावर टाकायचा नाही. तीन-चार हात पलीकडे टाकून गवतावरून ओढत आणायचा, मधे थांबवायचा. पाणी फुटलं की लगेच झटका मारू नका, तोंडातून निघून येतो. दोरी जड लागेपर्यंत थांबा, मग पूर्ण जोराने, आणि गवतात शिरू न देता सरळ बाहेर. निघाली! हातभर लांब, काळीकुळकुळीत. त्यानंतर माझं मत असं की दहा ल्युअर (नकली आमिषं) घेण्यापेक्षा तीन बेडूक घ्यावेत आणि उरलेल्या पैशांची मिसळ खावी.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर तिथे टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते चिडून लागतात, आणि मग पिल्लांना बाकीचे मासे फस्त करतात.

दुसऱ्या दिवशी दारणेला गेलो. रस्ता चांगला, सावली, भरपूर चिलापी, कुणी पैसे मागितले नाहीत. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुटलेली दोरी आणि शिसं गोळा करून आणा. गंगापूरचं पाणी नाशिककर पितात, आणि त्या दोरीत बगळ्यांचे पाय अडकतात. परत निघायचं ते अंधार पडायच्या अर्धा तास आधी, कारण मोटारीची वाट बॅटरीच्या उजेडात दिसत नाही आणि गाळ मात्र तिथेच असतो.