मिक्स लॉटमधला जड तुकडा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटी बघतो. भंगाराची गाडी काट्यावर चढते, यार्डात रिकामी होते आणि मग मामांच्या हाताखाली येते. मामांची शाळा चौथीपर्यंत. पण तुकडा ग्राइंडरला टेकवला की ठिणगीवरून माल सांगतात. बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस, माइल्ड स्टीलची लांब आणि सरळ, कार्बन वाढला की टोकाला फुटते. आमच्याकडे धातूत काय काय मिसळलंय ते सांगणारा महागडा स्पेक्ट्रो आहे, पण तो भट्टीतला नमुना तपासतो. भट्टीत काय जाऊ नये, हे मामाच ठरवतात. पगाराच्या यादीत मात्र ते ‘हेल्पर’ आहेत, आणि ते बदलावं असं वरच्या कुणाला वाटलेलं नाही.

त्या दिवशी त्यांनी यार्डातून हाक मारली. “सायेब, ह्ये बघा जरा. एवढंसं हाय, पण कंबर धरली माझी. शिसं न्हवं ह्ये.”

तांब्याएवढा गोळा होता. वर स्टेनलेसचा फाटका पत्रा, आणि आतून आरपार गेलेली एस आकाराची वाकडी नळी. नळी बघितली आणि मी सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं. स्टील कास्टिंगची आरटी, म्हणजे आतले दोष दिसावेत म्हणून गॅमा किरणांनी फोटो, काढायला एजन्सीची माणसं कॅमेरा घेऊन येतात, त्याच्या आतलं हे कवच. नळीत इरिडियम-192 चा किरणोत्सारी सोर्स बसतो. किरणं सरळ रेषेत जातात, म्हणून नळी वाकडी. कवच असतं डिप्लीटेड युरेनियमचं, म्हणजे अणुभट्टीच्या इंधनासाठी युरेनियम-235 काढून घेतल्यावर उरलेल्या मालाचं. घनता 19, शिशाची 11.3. गॅमा किरणं अडवायला शिशापेक्षा सरस, म्हणूनच कॅमेरा हातात उचलण्याइतका लहान होतो.

किरणोत्सार मोजायचा मीटर आमच्याकडे होता तो एक्स्पोर्टमुळे. 2008 मध्ये भारतीय पोलादाची लिफ्टची बटणं फ्रान्समध्ये किरणोत्सारी कोबाल्ट-60 सकट सापडली, तेव्हापासून परदेशी गिऱ्हाईक माल किरणोत्सारी नसल्याचा दाखला मागतं. गोळ्याजवळ नेताच मीटर ओरडायला लागला. आता प्रश्न एकच, नळीत सोर्स आहे का? लांब दांड्याला मीटर बांधला आणि मध्ये पत्रा धरला. रीडिंग धाडकन खाली आलं. पत्र्याने अडतात ते बीटा किरण, ते युरेनियमच्या पोटातल्या थोरियम आणि प्रोटॅक्टिनियमचे. इरिडियमचा गॅमा असल्या पत्र्याला भीक घालत नाही. शिवाय इरिडियमचं अर्धायुष्य 74 दिवस. पाचेक वर्षं पडून राहिलेला सोर्स जवळपास मेलेलाच.

मी सुटकेचा श्वास सोडला आणि मामा म्हणाले, “म्या घासलंय की त्येला. ठिणगी लई पांढरी. असली कदी बघितली न्हवती.”

माझा पहिला प्रश्न होता, “मामा, त्यानंतर तंबाखू मळली का?”

मळली होती.

इथे लोकांचं आणि माझं भय वेगळ्या वाटेला गेलं. गेटवर ‘बाँब सापडला’ झालं होतं. एका शिकलेल्या सुपरवायझरने मोबाइल काढून 2021 मधली बातमी सगळ्यांना वाचून दाखवली: मुंबईत 7 किलो युरेनियम पकडलं, किंमत 21 कोटी. मालकांनी फोनवर पहिलं विचारलं, “हीट थांबली नाही ना?” म्हणजे भट्टी चालू आहे ना. मला भीती होती ती ग्राइंडरच्या धुळीची. युरेनियमचा भुगा हवेत आपोआप पेट घेतो, आणि पोटात गेलं तर किरणांच्या आधी मूत्रपिंडाला त्रास देतं, जड धातूच तो. मामांना हात-तोंड धुवायला लावलं, कपडे, ग्राइंडरचा दगड आणि झाडलेली धूळ पिशव्यांत बांधून ड्रममध्ये घातली, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवलं.

गोळा भट्टीत गेला असता तर? युरेनियम ऑक्साइड होऊन बहुतेक स्लॅगबरोबर, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीबरोबर, निघालं असतं. नळीत कोबाल्टचा सोर्स असता तर तो लोखंडात मिसळून कास्टिंगमधून थेट गिऱ्हाइकाकडे पोचला असता.

माणसं येऊन ड्रम आणि गोळा घेऊन गेली. नळी रिकामीच निघाली. मूत्रपिंडासाठी केलेल्या तपासणीत मामांचा क्रिएटिनिन नॉर्मल आला. लघवीची तपासणी पुन्हा करायची आहे. ते मलाच समजावतात, “काय न्हाई हुत, सायेब.”

मला छळतंय ते वेगळंच. पत्र्यावर रिव्हेटची चार भोकं होती. तिथे कंपनीचं नाव, नंबर आणि किरणोत्साराची खूण असलेली पाटी असते. रिव्हेट तुटले नव्हते, नीट ड्रिल करून काढले होते. काढणाऱ्याला ती पाटी वाचता येत होती.

भंगारवाल्याचा फोन आला तो वजनासाठी. “16 किलो कापलंय, का?” अकाउंट्सवाल्याला बिलात कारण लिहायचं होतं. त्याने नेहमीच्या रकान्यात लिहिलं, ‘माती’.