नत्राची नोंद : बेलापूरचे दोन वाफे, जुलैअखेर

मे महिन्यात पहिला वाफा कुदळीने वीतभर खणला, ढेकळं फोडली आणि उन्हात तापत ठेवला. दुसऱ्याला कुदळ लावलीच नाही, वर नुसता बदामाचा पालापाचोळा पसरला. माती एकच, गेल्या वर्षीचं शेणखतही सारखंच.

नायट्रेट म्हणजे मुळं शोषून घेतात ते नत्राचं रूप; ते मोजायला फिश टँकच्या पट्ट्या वापरतोय, रंग जितका गडद गुलाबी तितकं नायट्रेट जास्त. मातीइतकंच डिस्टिल्ड वॉटर घालून पाच मिनिटं हलवायचं, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळायचं आणि त्या निवळीत पट्टी बुडवायची. गढूळ पाण्यात रंग फसवतो, गाळायचा कंटाळा करू नका.

पहिल्या पावसानंतर आठवड्याने खणलेल्या वाफ्याची पट्टी गडद गुलाबी झाली! दुसऱ्याची जेमतेम फिकी. मातीच्या रवाळ कणांच्या पोटात सेंद्रिय पदार्थ जिवाणूंच्या हाती न लागता टिकून असतो. कुदळीने ते कण फुटतात, हवा खेळते, जिवाणू तुटून पडतात. नत्र आधी अमोनियमच्या रूपात सुटतं, मग त्याचं नायट्रेट होतं. कोरड्या मातीवर पाणी पडलं की हा जोर आणखी चढतो. मृदाशास्त्रज्ञ बर्च यांनी १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीबद्दल हेच मांडलं होतं, म्हणून त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात.

पण तेव्हा त्या वाफ्यात एकही रोप नव्हतं. मका टोकला जूनअखेर, तोवर पाऊस धो धो कोसळून गेला होता. नायट्रेटवर ऋण भार, चिकणमातीवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही; ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. पाणी तुंबलं तर जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. जुलैच्या मध्याला पट्टी पांढरीफटक. आता तिथल्या मक्याची खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडतायत, पाचर ठोकल्यासारखी. पाल्याखालच्या वाफ्यात पट्टी फिकी गुलाबीच आहे, पण टिकून आहे, आणि मका हिरवागार. जीव हळहळला, पण फरक डोळ्यांनी दिसला.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात नांगरट-चिखलणी नसते आणि मुळं जमिनीतच ठेवतात. मीही मका कापून मुळं तशीच ठेवणार आहे. मात्र मक्याच्या धसकटात कर्ब (कार्बन) फार, कुजताना जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःकडे ओढतात. म्हणून मक्यानंतर चवळी लावणार, ती मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकरवी हवेतलं नत्र मिळवते. पहिल्या वाफ्याचा अर्धा भाग रब्बीला पुन्हा खणेन, पण पेरणीच्या आदल्या दिवशी, वाफसा (माती ओलसर पण चिकट नाही अशी स्थिती) बघून.