सिरोंच्याला जायचे, पण आलापल्लीवरून नव्हे

निवाडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायला सवड नाही त्यांचे निदान कंबरडे तरी वाचेल. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमावर वसलेल्या सिरोंच्याला जायचे असेल, तर महाराष्ट्रातून जाऊ नये. नागपूर किंवा बल्लारशाहून काझीपेठेच्या दिशेने जाणारी रेल्वे पकडावी, तेलंगणातील मंचेरियालला उतरावे, तिथून बसने चेन्नूर गाठावे आणि प्राणहितेवरचा पूल ओलांडून पुन्हा महाराष्ट्रात शिरावे. आपल्याच राज्यातील तालुक्याच्या गावी परराज्यातून जाण्याचा सल्ला विचित्र वाटेल. मलाही तो तसाच वाटला होता, म्हणूनच आम्ही तो मानला नाही आणि आलापल्लीवरून गेलो.

आम्ही दोघे, मी आणि माझा मावसभाऊ, नदीच्या नादाने निघालो होतो. वर्धा आणि वैनगंगा या नद्या चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून पुढे त्यांचे नाव प्राणहिता होते, आणि महाराष्ट्र व तेलंगण यांची हद्द आखत शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला वाहून ती सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. हा प्रवाह शक्य तितका जवळ ठेवून खाली जायचे असा बेत होता. नकाशावर आलापल्लीहून सिरोंच्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी ठळक रेषेने दाखवलेला आहे, अंतर सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि मोबाइलने त्याला दोन तासांच्या आसपास वेळ सांगितला. ‘राष्ट्रीय महामार्ग’ हे दोन शब्द वाचून आम्ही चौकशीच थांबवली, ही आमची पहिली चूक होय.

नागपूर ते गडचिरोली आणि तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली हा टप्पा सुखाचा झाला, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वाटेत वैनगंगेकाठी मार्कंड्याची देवळे पाहण्यात दोन तास गेले. देवळे सुंदर आहेत, परंतु त्या दोन तासांपायी आलापल्लीहून सिरोंच्याला जाणारी दुपारची बस चुकली. मार्कंडा पाहायचाच असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढावा आणि त्या रात्री गडचिरोली किंवा आलापल्लीत मुक्काम करावा.

आलापल्लीच्या चौकात एक काळी-पिवळी उभी होती. चालकाने माणशी पाचशे रुपये सांगितले. आम्ही घासाघीस केल्यावर, रस्ता पाहा आणि मग बोला, असे तो म्हणाला. त्या वेळी ते आम्हांला नेहमीचे बोलणे वाटले. आमच्याच गाडीत बसलेल्या बामणीच्या एका आजीबाईंनी उतरताना किती पैसे दिले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते आमच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. अंतराचा थोडा फरक धरला तरी हिशेब बसत नाही. शिवाय आमच्या पिशव्या टपावर टाकल्याचे वेगळे शंभर रुपये मागण्यात आले, तेही सिरोंच्याच्या अलीकडे गाडी थांबवून, अंधारात. आम्ही पन्नास दिले आणि विषय संपवला. पुढे जाणाऱ्यांनी चौकातील चहावाल्याकडे आधी चालू भाडे विचारावे, सामानासह आकडा ठरवून घ्यावा आणि पैसे उतरल्यावरच द्यावेत. बस मिळत असेल तर काळी-पिवळीच्या वाटेला जाऊ नये. बसमध्ये महिलांना अर्धे तिकीट आहे, हा हिशेबही कुटुंबासह जाणाऱ्यांनी करावा.

आता रस्त्याविषयी. आलापल्ली सोडल्यावर पहिले काही किलोमीटर सागाच्या दाट जंगलातून जातात आणि माणूस प्रसन्न होतो. ही प्रसन्नता रेपनपल्लीच्या अलीकडेच संपली. तिथून जिमलगट्टा आणि पुढे बामणीपर्यंत आम्हांला जो रस्ता लागला, त्याला रस्ता म्हणण्यापेक्षा रुंदीकरणाचा आराखडा म्हणणे अधिक योग्य ठरेल. एखादा किलोमीटर नवा आणि गुळगुळीत लागे, चालक वेग घेई, आणि तो तुकडा अचानक संपून गाडी हातभर खाली मुरुमात उतरे. जुन्या डांबराची बेटे मधोमध उरलेली आणि दोन्ही बाजूंनी चाकोऱ्या खोल गेलेल्या असल्यामुळे चालकाला गाडी तिरपी धरूनच हाकावी लागत होती. नाल्यांवरच्या मोऱ्यांची कामे अर्धवट असल्याने प्रत्येक ठिकाणी बाजूने काढलेल्या कच्च्या वळणरस्त्याने खाली उतरून पुन्हा चढावे लागे. अशी वळणे मी एकवीसपर्यंत मोजली, त्यानंतर मोजणे सोडले. समोरून ट्रक आला की धुळीचा असा लोट उठे की काही क्षण चालकालाही बोनेट दिसत नसावे, आणि त्या क्षणांत तो ब्रेकऐवजी भोंगा वापरत होता. शंभर किलोमीटरला आम्हांला पाच तास दहा मिनिटे लागली. आम्ही डिसेंबरात गेलो होतो. पावसाळ्यात याच मुरुमाचा चिखल होतो, वळणरस्ते नाल्याबरोबर वाहून जातात आणि वाहतूक तुंबते, म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात या रस्त्याचे नावही काढू नये. पाठीच्या मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी कोणत्याच ऋतूत काढू नये. भावाने त्या रात्री जेवण घेतले नाही आणि माझ्याशी तो फारसा बोललाही नाही.

सिरोंच्याला पोहोचून दुसऱ्या दिवशी नदीकाठी उभे राहिल्यावर या दुरवस्थेचे एक कारण कळते. या गावाची पाठ महाराष्ट्राकडे आणि तोंड नदीकडे आहे, आणि ते आजचे नाही. १८६० च्या तहाने निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा मुलूख इंग्रजांना दिल्यावर येथे अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठाणे झाले. त्या काळात इंग्रजांच्या डोक्यात रस्ता नव्हता, जलमार्ग होता. वऱ्हाडचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा नदीवाटे समुद्रापर्यंत न्यायचा, ही इंग्रज अभियंते सर आर्थर कॉटन यांची योजना होती. या प्रवाहात खडकांचे तीन मोठे अडथळे होते: पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेत अहेरीजवळ देवलमरीला. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि बंधारे बांधण्यावर बराच पैसा ओतल्यानंतर १८७१ मध्ये काम सोडून देण्यात आले, कारण तोवर रेल्वे कापसापर्यंत पोहोचली होती. १८७४ मध्ये हा जिल्हाच मोडला आणि सिरोंचा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याची तहसील झाली. नदीचा मार्ग झाला नाही, रेल्वे आली नाही, आणि जंगलातून जाणारा रस्ता कोणाच्याच निकडीचा उरला नाही.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण सिरोंच्याच्या माणसासाठी जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरांवरच राहिले. जिल्ह्यातील रेल्वे स्थानक वडसा म्हणजे देसाईगंजला, अगदी उत्तर टोकाला आहे, तर मंचेरियाल मात्र सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरांवर आहे. आजारी माणसाला येथून वरंगल किंवा करीमनगरला नेतात. कागदावर लिहिण्यापुरतेच गडचिरोली, असे भोजनालयाच्या मालकाने मला सांगितले, तेही तेलुगूत, आणि त्याच्या मुलाने त्याचे मराठी करून दिले.

भाषेचे हे आश्चर्य आमच्यासारख्यांना आधी सांगायला हवे होते. गावात बाजार, भांडण आणि देवपूजा सर्व तेलुगूत चालते. आजूबाजूच्या पाड्यांवर गोंडी आणि माडिया आहेत. शाळा आणि कचेरी यांमुळे तरुणांना मराठी उत्तम येते, वयस्कांना मात्र कामापुरतीच. ‘एंता’ म्हणजे किती आणि ‘एक्कड’ म्हणजे कुठे, एवढे दोन शब्द पाठ करून गेलात तरी रिक्षाचे भाडे उतरते, हा माझा अनुभव आहे. जेवणात भात मुख्य आहे आणि आमटी-लोणचे जाळ असते. गोदाकाठची ही जमीन मिरचीची आहे हे ताटावरूनच कळते. पोळीचा हट्ट धरू नये. रोख रक्कम जवळ बाळगावी, कारण आमच्या मुक्कामात पहिल्या एटीएममध्ये पैसे नव्हते आणि दुसऱ्यापुढे रांग होती.

सिरोंच्याहून गोदावरीवरचा पूल ओलांडला की तेलंगणातील कालेश्वरम लागते. हा दिवस अगदी सोपा गेला. मुक्तेश्वराच्या मंदिरात एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत, संगमाचा घाट प्रशस्त आहे आणि रिक्षा सहज मिळते. एवढे पुरे. पुष्कराच्या, म्हणजे बारा वर्षांनी येणाऱ्या नदीस्नानाच्या पर्वाच्या, वर्षी मात्र येथे लाखोंची गर्दी उसळते. प्राणहितेचा पुष्कर एप्रिल २०२२ मध्ये झाला आणि गोदावरीचा २०२७ मध्ये येतो आहे, त्या दिवसांत शांतपणे नदी पाहण्याच्या हेतूने जाऊ नये.

घाटावर उभे राहून दोन्ही पात्रे मात्र नीट पाहावीत. नाशिक-पैठणहून आलेली गोदावरी आम्ही गेलो तेव्हा वाळूच्या पट्ट्यांतून अंग चोरून येत होती, आणि उत्तरेकडून येणारी प्राणहिता भरदार होती. संगमानंतर नाव गोदावरीचे चालते, पाणी मात्र बरेचसे विदर्भाचे असते. याच पाण्यासाठी तेलंगणने खाली मेडीगड्डाचा बंधारा बांधला आहे: लांबी सुमारे १.६ किलोमीटर, दरवाजे ८५. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन्ही राज्यांत करार झाला, २१ जून २०१९ रोजी उद्घाटन झाले आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याचे काही खांब खचले. जवळ जाऊन पाहता येईल या आशेने आम्ही अर्धा दिवस घालवला आणि पोलिसांनी आम्हांला सभ्यपणे परत पाठवले. हे गृहीत धरूनच जावे, किंवा जाऊच नये. आम्ही मुद्दाम अलीकडच्या, महाराष्ट्राच्या तीरावरून गेलो होतो. फुगवट्याचे पाणी शेतात शिरते ही या काठची तक्रार आहे, आणि आम्हांला वाट दाखवणाऱ्या शेतकऱ्याने बंधाऱ्याकडे बोटही न दाखवता आपल्या बांधाकडे दाखवले.

सिरोंच्याहून पूर्वेला आसरअल्ली आणि पातागुडमवरून इंद्रावती ओलांडून छत्तीसगडमधील भोपालपट्टणमला जाता येते. हा राष्ट्रीय महामार्ग ६३ असून तो पुढे जगदलपूरपर्यंत जातो. गोदावरी आणि इंद्रावती यांचा सोमनूरचा संगम याच बाजूला आहे आणि माझ्या मते या सबंध प्रदेशातील सर्वांत भव्य दृश्य तेच आहे, तीन राज्यांच्या सीमा जिथे पाण्यातच मिटून जातात असे. येथे सकाळी जाऊन दुपारी परतावे, ओळखपत्र जवळ ठेवावे, वाटेतील पोलिस मदत केंद्रांची छायाचित्रे घेऊ नयेत, ड्रोन तर घरीच ठेवावा आणि अंधार पडल्यावर कोणत्याही दिशेने प्रवास करू नये. शेवटचा टप्पा पायी, वाळूतून आहे. चांगले बूट आणि माणशी दोन लिटर पाणी असेल तर त्यात अवघड काही नाही.

परतताना आम्ही शहाण्यासारखे चेन्नूरमार्गे निघालो. बसमध्ये बसायला जागा मिळाली, रस्ता पाण्यासारखा सरळ होता, आणि अडीच तासांच्या आत आम्ही मंचेरियालच्या फलाटावर चहा पीत होतो. तेलंगणच्या बसमधील महिलांचा मोफत प्रवास तेथील रहिवाशांपुरताच आहे, महाराष्ट्राचे आधार कार्ड दाखवून वाद घालू नये. मंचेरियालहून नागपूरला वेगवान गाडीने चार ते पाच तास लागतात, आरक्षण आधी करावे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी नागपूरचा वळसाही घेऊ नये, हैदराबाद किंवा काझीपेठला उतरून सरळ उत्तरेला यावे.

आणि एवढे सांगूनही ज्यांना सागाच्या जंगलापायी आलापल्लीवरूनच जायचे असेल, त्यांनी आलापल्लीत मुक्काम करून पहाटेची पहिली बस धरावी, मागच्या चाकावरचे आसन टाळावे, नाकाला ओला रुमाल बांधावा आणि त्या दिवशी सिरोंच्याला पोहोचण्यापलीकडे दुसरा कोणताही बेत ठेवू नये. भावाने हा परिच्छेद वाचून एवढेच जोडायला सांगितले आहे की पाठीसाठी उशी न्यावी, एक नव्हे, दोन.