३-१ ने पुढे होते, तरी मैदान सोडलं

आमच्या फुटबॉलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी एक विषय निघतो म्हणजे निघतोच. इंग्लंडच्या टॉप लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये, एवढे पाचेकशे प्लेयर, त्यातला एकही गे नाही? मग कोणीतरी दोन-तीन नावं सुचवतं, कोणी दात काढणारे इमोजी टाकतं, कोणी म्हणतं असेल तर असू दे ना बाबा, जगाला सांगायची काय गरज आहे, आणि तेवढ्यात कुठेतरी गोल होतो आणि विषय तिथेच बारगळतो.

ते "सांगायची काय गरज" मला जाम खटकतं. बाकीचे काय लपवतात का? कप जिंकला की बायका-पोरं मैदानावर, इन्स्टावर लग्नाचे फोटो, गोल केला की बॉल जर्सीत घालून पोट फुगवून दाखवायचं की बाबा होणार आहे म्हणून. ते कोणालाच सांगणं वाटत नाही, ते नॉर्मल.

आणि ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याचं काय झालं ते बघा. जस्टिन फॅशानू. १९८० मध्ये नॉरिचकडून खेळताना लिव्हरपूलविरुद्ध असा गोल मारला की बीबीसीने तो सीझनचा बेस्ट गोल ठरवला, पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने १० लाख पौंड मोजले, इंग्लंडमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय प्लेयर. तिथे मॅनेजर ब्रायन क्लफ, दोन युरोपियन कप जिंकलेला माणूस, त्याला कळलं की हा गे बारमध्ये जातो आणि तिथून सगळं फिसकटलंच. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये फॅशानूने एका टॅब्लॉइडला सगळं सांगून टाकलं. त्यानंतर सख्खा भाऊ जॉन, तोही टॉप लेव्हलचा फुटबॉलर, तो पेपरमध्ये जाऊन म्हणाला की हा आमच्यातून बाद. सख्खा भाऊ! (जॉनने खूप वर्षांनी पश्चात्ताप बोलून दाखवला, पण तोवर ऐकायला जस्टिन होता कुठे.) मे १९९८ मध्ये ३७ व्या वर्षी जस्टिनने आत्महत्या केली. त्याच्यावर तेव्हा अमेरिकेत एक गंभीर आरोपही होता, तो त्याने नाकारला होता, म्हणजे सगळी गोष्ट एका रेषेत बसवता येत नाही हे मान्य. पण इंग्लंडमधल्या पुढच्या पोरांनी त्यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको. खेळत असताना सांगणारा पुढचा इंग्लिश प्रोफेशनल थेट मे २०२२ मध्ये, ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय वर्षं १७. मध्ये ३२ वर्षं गेली. हिट्झल्सपर्गरसारखा जर्मनीसाठी ५२ मॅच खेळलेला माणूस, तोसुद्धा बूट खुंटीला टांगल्यावर मग २०१४ मध्ये बोलला.

आता मूळ मुद्दा. दर वेळी कोणी आउट झालं, म्हणजे मी गे आहे असं उघड सांगितलं, की आपण सगळे त्याच्याकडे बघतो, काय डेअरिंग आहे वगैरे. मी हल्ली बाकीच्या दहा जणांकडे बघतो. आणि याबाबतीत माझ्या डोक्यातून एक मॅच काही केल्या जात नाही, जी मोठ्या लीगची पण नाही.

३० सप्टेंबर २०२०. अमेरिकेतली दुसऱ्या लेव्हलची लीग, सॅन डिएगो लॉयल विरुद्ध फिनिक्स रायझिंग. लॉयलचा तो पहिलाच सीझन, कोच लँडन डोनोव्हन (हो तोच, अमेरिकेचा सगळ्यात मोठा स्टार), टीममध्ये कॉलिन मार्टिन जो २०१८ पासून उघडपणे गे. साखळीतली शेवटची मॅच, प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेरीच्या) आशा जिवंत ठेवायला जिंकणं मस्ट. समोर तगडी टीम, आणि हे हाफटाइमला ३-१ ने पुढे.

हाफटाइमच्या आधी समोरचा एक जण कॉलिनला जमैकन बोलीतली गे लोकांसाठीची शिवी देतो, असा कॉलिनचा आरोप. (त्या प्लेयरने नाकारलं, पण लीगने चौकशी करून त्याला सहा मॅच बाहेर बसवलं.) तर कॉलिन रेफ्रीला सांगायला जातो की याने मला गे म्हटलं, आणि रेफ्रीला वाटतं हा आपल्यालाच म्हणतोय, तो कॉलिनलाच रेड कार्ड दाखवतो! नंतर मागे घेतलं ते, पण विचार करा, तक्रार करायला गेलेल्यालाच बाहेरचा रस्ता. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

डोनोव्हन भडकला, त्या प्लेयरला बाहेर काढा नाहीतर आम्ही खेळणार नाही म्हणाला. नाही काढलं. दुसऱ्या हाफची शिट्टी वाजली, लॉयलच्या पोरांनी गुडघा टेकला आणि सरळ चालत मैदानाबाहेर गेली. मॅच सोडली, सीझन संपला, प्लेऑफ गेलं. आणि डोनोव्हनने नंतर सांगितलं की हा निर्णय पोरांचा होता.

यामागे अजून एक गोष्ट आहे. आधीच्या आठवड्यात त्यांच्याच एका कृष्णवर्णीय प्लेयरला समोरच्या टीमच्या एकाने वर्णद्वेषी शिवी दिली होती, तेव्हा मॅच १-१ सुटली होती आणि क्लबने तो पॉइंटही नंतर सोडून दिला होता. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये बोलणं झालेलं होतं, की परत असं झालं तर आपण काय करायचं. ऐन वेळी सुचलेलं शहाणपण नव्हतं ते.

आता याच्या शेजारी कतारचा २०२२ चा वर्ल्ड कप ठेवा. इंग्लंड, जर्मनी, नेदरलँड्स, वेल्स, बेल्जियम, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, सात देशांचे कॅप्टन गे लोकांच्या पाठिंब्याची 'वन लव्ह'ची पट्टी दंडावर बांधणार म्हणून किती गाजावाजा. फिफाने सांगितलं की पट्टी बांधली तर यलो कार्ड मिळू शकतं. झालं. २१ नोव्हेंबरला सातही जणांनी पट्टी गुंडाळून ठेवली. इंग्लंडचा कॅप्टन केन, त्याने फिफाचीच दुसरी पट्टी बांधली आणि इंग्लंड इराणला ६-२ ने हरवून मोकळं झालं. आणि गंमत बघा, त्याच मॅचमध्ये इराणची पोरं देशातल्या आंदोलनाच्या बाजूने, स्वतःच्या देशाचं राष्ट्रगीत सुरू असताना तोंड बंद करून उभी होती, ज्यांना घरी परत जायचं होतं. इकडे यांना एक यलो कार्ड जड झालं. जर्मनीने दोन दिवसांनी टीम फोटोत तोंडावर हात ठेवले, ठीक आहे, फोटो चांगला आला.

यांकटोचं लिहायलाच हवं. झेक रिपब्लिकसाठी ४५ मॅच खेळलेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मी गे आहे असं सांगणारा स्वतःचा व्हिडिओ टाकला, आणि मग काही महिन्यांत इटलीच्या कालियारी क्लबने त्याला घेतलं आणि तो तिथल्या टॉप लीगमध्ये, सिरी आमध्ये, खेळला. इटलीच्या स्टेडियममध्ये! आभाळ काही कोसळलं नाही. बायकांच्या फुटबॉलमध्ये तर हा विषयच जुना झालाय, ऑस्ट्रेलियाची सॅम कर, अमेरिकेची रॅपिनो, कोणाची गर्लफ्रेंड कोण हे फॅन्सना माहीत असतं आणि चर्चा मॅचचीच होते. त्यामुळे "फुटबॉल फॅन्स अजून तयार नाहीत" हे मला पटत नाही, फॅन्स तेच तर आहेत.

परवा ग्रुपवर परत तो विषय निघाला तेव्हा मी ही लॉयलची सगळी स्टोरी टाइप करून टाकली, भलीमोठी, कोणी वाचेल असं वाटलं नव्हतं. बराच वेळ सगळं शांत. मग आमचा एक जण, जो अशा वेळी सगळ्यात पहिला जोक टाकतो, त्याने एवढंच विचारलं, "३-१ ने पुढे असताना?"

मी म्हटलं हो. ३-१ ने पुढे असताना.