तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला नेटवर्किंगला घालू का?

लग्नात, हळदीकुंकवात, नाहीतर सोसायटीच्या जिन्यात कुणीतरी हटकतंच. "ताई, तुम्ही नेटवर्किंगमध्ये आहात न्हवं? आमच्या पोराला त्यात घालू का? स्कोप हाय का अजून?" गेल्या महिन्यात कोल्हापुरात राजारामपुरीत एक काका भेटले, पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, तेही शेजारी उभं होतं मान खाली घालून. रस्त्यात उभ्या उभ्या सुचलं तेवढं सांगितलं, पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून आता नीट लिहिते.

नेटवर्किंग म्हटलं की लोकांना केबल टाकणं, राउटर बसवणं, सीसीएनएची (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची) परीक्षा हे आठवतं. ते काम वेगळं, आणि चांगलं आहे. मी त्या राउटरच्या, फायरवॉलच्या आत जे सॉफ्टवेअर चालतं ते लिहिते. उद्यमनगरातल्या, म्हणजे आमच्या इथल्या कारखान्यांच्या भागातल्या, माणसाला हे लगेच कळतं, गाडी चालवणारा वेगळा आणि इंजिनाचा ब्लॉक मशिनिंग करणारा वेगळा. माझे पप्पा तीस वर्षं उद्यमनगरात लेथवर होते, त्यामुळं घरी मला हे कधी समजावून सांगावं लागलं नाही.

काम काय तर पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, येतं, त्याचा हेडर, म्हणजे वरचा पत्त्याचा भाग, वाचायचा, कुठं पाठवायचं ते ठरवायचं, पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण १० गिगाबिटची एक लाइन सगळ्यात लहान पॅकेटांनी पूर्ण भरली तर सेकंदाला जवळजवळ दीड कोटी पॅकेटं येतात, म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). रॅममध्ये एकदा जाऊन यायलाच साधारण तेवढा वेळ जातो. म्हणून इथं अजून सी भाषा चालते, मेमरीत कुठली गोष्ट कुठं ठेवली यावर दोन-दोन दिवस चर्चा होते, आणि कॉलेजात कंटाळवाणं वाटलेलं कॉम्प्युटर आर्किटेक्चर इथं रोज लागतं.

आता एक किस्सा सांगते, कारण ह्या कामाचा स्वभाव त्यातनंच कळेल. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. एका कस्टमरची तक्रार आली की त्यांच्या ब्रँचमधनं हेड ऑफिसला पिंग (पोचतंय का बघायचं छोटं पॅकेट) जातोय, लॉगिनचं पान उघडतंय, पण फाइल अपलोड करायला गेलं की गोल गोल फिरत बसतंय. दोन्ही ऑफिसांच्या मधे आमच्या बॉक्सनी, म्हणजे राउटरनी, जीआरई टनेल केलेला होता, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्याच्या आत घालून पाठवायची वाट. तीन दिवस आम्ही लॉग चाळत बसलो, काही सापडेना. शेवटी दोन्ही टोकांना पॅकेट कॅप्चर, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं टिपून घेणारं साधन, लावला आणि दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून बघितलं. इकडनं १४७६ बाइटचं पॅकेट निघतंय, परत तेच, परत तेच, आणि तिकडं काहीच नाही. छोटी पॅकेटं मात्र सगळी पोचलेली. लाइनवर एका पॅकेटात जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. टनेलचा हेडर २४ बाइटचा, म्हणून आमचा कोड आतल्या पॅकेटला १४७६ ची जागा आहे असं सांगायचा. पण ह्या कस्टमरनं टनेलला की, म्हणजे टनेल ओळखायचा आकडा, लावलेली होती आणि की लावली की हेडर ४ बाइटनी वाढतो. म्हणजे बाहेर पडताना ते १५०४ होत होतं आणि आमचाच बॉक्स ते गुपचूप टाकून देत होता, फक्त आत कुठंतरी एक काउंटर वाढत होता, जो कुणी बघितला नव्हता.

१५०० मधनं २४ वजा करणारी कोडची ती ओळ माझी होती. रात्री घरी फोन केला, सगळं सांगितलं, पप्पा शांतपणे म्हणाले, "म्हणजे मापात चूक झाली." त्या दिवसापासनं मी कोड लिहिण्याआधी हेडरचं चित्र वहीत काढते, बाइट मोजून, आजही.

दुसरं म्हणजे ह्या कामात शिकलेलं वाया जात नाही, आणि मला ह्याचं फार अप्रूप आहे. टीसीपी म्हणजे पॅकेटं न हरवता, क्रमानं पोचवायचे नियम. त्याचं मूळ स्टँडर्ड, आरएफसी ७९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले कागद), सप्टेंबर १९८१ चं. २०२२ मध्ये त्याच्या जागी आरएफसी ९२९३ आलं, पण हँडशेक (जोडणी सुरू करायची तीन पॅकेटांची देवाणघेवाण) तोच, सिक्वेन्स नंबर (डेटाचा क्रम सांगणारे आकडे) तेच. दर दोन वर्षांनी नवीन फ्रेमवर्क शिकून दमलेले मित्र मला माहीत आहेत, मी अजून त्याच प्रोटोकॉलमध्ये खोल जातेय आणि तळ लागलेला नाही.

टीसीपीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट १९८६ ची. अमेरिकेत बर्कलेची लॅब आणि तिथलंच विद्यापीठ, अंतर सगळं मिळून ४०० यार्ड, आणि मधल्या लिंकचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरनं ४० बिटांवर आला. गर्दी झाली की पॅकेटं हरवायची, हरवली की सगळे तीच परत पाठवायचे, त्यानं गर्दी अजून वाढायची. त्याच लॅबमधल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या पेपरात उपाय मांडला की पॅकेट हरवलं म्हणजे वाट तुंबली असं समजून प्रत्येकानं आपणहून वेग कमी करायचा, मग हळूहळू वाढवायचा. वरनं हुकूम देणारं कुणी नाही. आपल्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बघा, पाणी चढलं की आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी बसलेलं नसतं. टीसीपी शिकवताना मला प्रत्येक वेळी तेच दरवाजे आठवतात.

पगाराचं विचारता, तर बरा आहे, पहिली दोन-तीन वर्षं हळू चढतो मग चांगला चढतो. नोकऱ्या जास्त करून बेंगळुरू-पुण्यात. मी दहा वर्षं बाहेर काढली आणि आता कोल्हापुरातनं घरून करते, पण फ्रेशरला हे लगेच मिळेल असं कुणाला सांगू नका. रात्रीअपरात्री फोन येतो, तेही धरून चाला. एआयचं म्हणाल तर मी रोज वापरते, कोड भराभर लिहून देतं, पण १५०४ सारखी भानगड शोधायची तर कुणीतरी दोन्ही टोकांना कॅप्चर लावून चिकाटीनं बघत बसावं लागतं, आणि ते बघत बसणं ज्याला आवडतं त्यालाच हे काम झेपतं. मार्क कमी असले तरी चालतील, हे नसेल तर नाही चालणार.

म्हणून त्या काकांच्या पोराला मी एवढंच सांगितलं की क्लास लावायच्या आधी लॅपटॉपवर वायरशार्क, म्हणजे पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर, टाक, एखादी वेबसाइट उघड आणि पहिली तीन पॅकेटं बाइट न् बाइट वाच. काही विचारावंसं वाटलं तर मेसेज कर.

दहा-बारा दिवस काहीच आलं नाही. मग परवा रात्री सव्वाअकराला स्क्रीनशॉट आला, खाली लिहिलेलं, "ताई, वायरशार्क सिक्वेन्स नंबर शून्य दाखवतंय, पण खाली बाइट्समध्ये भलताच मोठा आकडा आहे, आणि परत कनेक्ट केलं की तो बदलतोय. असं का?"

मी उत्तर सांगितलं नाही, आरएफसी ९२९३ पाठवलं आणि त्यात इनिशियल, म्हणजे सुरुवातीच्या, सिक्वेन्स नंबरचा भाग कुठं आहे तेवढं सांगितलं. काका, घाला त्याला नेटवर्किंगला.