तुम्ही विचारलंत म्हणून: पानं उजेडात असताना कलम गुदमरतं कसं?

पावसाळा भरात आला की हा प्रश्न हमखास येतो. खाचरात भात घोटाभर पाण्यात उभं राहून जोमात वाढतं, आणि मेरेपलीकडच्या आंब्याच्या कलमाभोवती चार दिवस पाणी तुंबलं की ते माना टाकतं. पानं तर वर उजेडात असतात. झाड स्वतःच ऑक्सिजन तयार करतं, मग त्याला ऑक्सिजन कमी कसा पडतो?

पानात काय घडतं ते आधी पाहू. 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 108 ग्रॅम पाणी यांतून 180 ग्रॅम ग्लुकोज आणि 192 ग्रॅम ऑक्सिजन तयार होतो. त्या 180 ग्रॅम साखरेत उन्हाची सुमारे 2,800 किलोजूल ऊर्जा साठते. पण साखर नुसती असून भागत नाही. ती मोडून तिच्यातली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणावी लागते, आणि तेच श्वसन. ते प्रत्येक जिवंत पेशीत, दिवसरात्र चालतं. ‘दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन’ ही शाळेपासून डोक्यात बसलेली वाटणी काढून टाका. दिवसा पानातली साखरनिर्मिती इतकी जास्त असते की श्वसन झाकलं जातं, एवढंच. डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांनी 1779 मध्येच दाखवलं होतं की ऑक्सिजन सोडतात ते फक्त हिरवे भाग, तेही उजेडात. मुळं आणि फळं दिवसासुद्धा हवा वापरतच असतात. झाड दिवसभरात जेवढी साखर करतं, तिच्यातला तिसरा ते निम्मा हिस्सा त्याच्या स्वतःच्या श्वसनातच खर्च होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पानातली साखर सालीलगतच्या वाहिन्यांतून मुळापर्यंत उतरते, पण ऑक्सिजन तसा उतरत नाही. तो पानाच्या रंध्रांतून बाहेर निघून जातो. आंब्याच्या मुळाला लागणारा ऑक्सिजन त्याच्या भोवतालच्या मातीतूनच यावा लागतो, मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून.

त्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की वाट बंद होते. एक लिटर हवेत सुमारे 270 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम 8. शिवाय साचलेल्या पाण्यातून तो हवेच्या मानानं दहा हजार पट हळू सरकतो. जो काही उरलेला असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू दिवस-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ ऑक्सिजनशिवाय साखर मोडू लागतं. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपीचे, म्हणजे पेशी प्रत्यक्ष वापरते त्या ऊर्जावाहक रेणूचे, 30 ते 32 रेणू मिळतात. ऑक्सिजनशिवाय मिळतात फक्त 2, आणि वर अल्कोहोल साचतं. साखर भराभर संपते, हाती काही लागत नाही. पेशीतला रस आंबट होतो, आणि पाणी आत घेणारे पेशीपडद्यातले मार्ग मिटतात. म्हणून पाण्यात उभं असलेलं कलम तहानल्यासारखं सुकतं! ते पाहून कोणी पाणी घालतं, कोणी युरिया टाकतं. दोन्हींनी त्याची अवस्था आणखी बिघडते. पाणी वर चढेनासं झालं की पानाची रंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि उजेडातल्या पानात साखर होणंही थांबतं.

पाऊस थांबून कडक ऊन पडलं की हे झपाट्यानं होतं. तापमान 10 अंशांनी वाढलं तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे ऑक्सिजनची गरजही तेवढीच वाढते. वाहतं पाणी त्या मानानं कमी घातक, कारण ते नवा ऑक्सिजन घेऊन येतं.

भात वाचतं ते त्याच्या खोडातल्या आणि मुळांतल्या हवेच्या पोकळ नळ्यांमुळे. पानापासून मुळाच्या टोकापर्यंत ऑक्सिजन आतल्या आत उतरतो, थोडा बाहेरही झिरपतो. आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर. पाण्याखाली ते विरघळून मुळांना विषारी ठरतं, पण भाताच्या मुळाजवळ ऑक्सिजन भेटताच त्याचा गंज होऊन तिथंच बसतो. भाताचं एखादं रोप उपटून बघा, जुन्या मुळांवर तांबूस थर दिसेल. मुळं काळी आणि कुजक्या अंड्याचा वास असेल, तर तिथं भातालाही ऑक्सिजन पुरत नाहीये. पाणी काढून खाचर दोन-चार दिवस उघडं ठेवा.

खाडीतल्या तिवराची युक्ती तर मला फारच सुंदर वाटते. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली त्याची मुळं म्हणजे हवा घेण्याची सोय. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत शिरत नाही. भरतीत मुळं बुडली की आतला ऑक्सिजन वापरला जातो आणि दाब उतरतो. ओहोटीला छिद्रं उघडी पडताच बाहेरची हवा आपोआप आत खेचली जाते. म्हणून कांदळवनात भराव टाकून ही मुळं बुजवली, की झाडाला हातही न लावता झाड मरतं.

आंब्याकडे यातलं काहीच नाही, त्यामुळे ती काळजी आपल्यालाच घ्यायला हवी. सर्वांत जास्त कलमं मरतात ती सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कातळ फोडून केलेल्या खड्ड्यात. एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा घेऊन माती भरली, पण कातळाला कुठं फट नसेल तर ते टाकंच झालं. लावणीआधी खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला दोन-अडीच सेंटिमीटरनं तरी उतरायला हवं. उतरत नसेल तर उताराच्या बाजूनं थेट खड्ड्याच्या तळाच्या पातळीपर्यंत चर काढा. अर्ध्या उंचीवर काढलेला चर खालचं पाणी तसंच ठेवतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, ताजं शेण कुजवताना जिवाणू मातीतला ऑक्सिजन संपवतात. माती बसते, म्हणून भर जमिनीपेक्षा 15-20 सेंटिमीटर उंच ठेवा, कलमाचा जोड मात्र मातीच्या वर राहू द्या. उन्हाळ्यात केलेलं आळं पहिल्या पावसाआधी मोडा.

कलम आधीच सुकलं असेल, तर बाजूनं 15 सेंटिमीटर उकरून एक बारीक मूळ बोटांनी ओढा. पांढरट आणि कडक असेल तर आशा आहे. साल सुटून आत नुसता दोरा राहिला तर ते मूळ मेलं. पाणी काढा, बुंध्याजवळचा पाचोळा दूर करा, वरची माती हलकी मोकळी करा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत जमिनीतून खत देऊ नका. बुंध्याची साल खरवडून आत सगळीकडे तपकिरीच दिसली तर कलम काढून टाका, पण त्या खड्ड्याला चर दिल्याशिवाय तिथं दुसरं लावू नका.