पोट्यातला पत्ता

रविवारी सकाळी कोंबडी आणायला गेले की आमच्या बाजारातला दुकानदार सुरी पुसत एकच प्रश्न विचारतो, "भितरलें दवरूं?" भितरलें म्हणजे आतले, कलेजी आणि पोटा, म्हणजे पक्ष्याचे दाणे दळणारे स्नायूंचे पोट; ते ठेवू का, असे तो विचारतो. बहुतेक गिऱ्हाइके मानेनेच नकार देतात आणि तो आतला ऐवज टेबलाखालच्या बादलीत जातो. मी मात्र दर वेळी तो मागून घेते. त्यात चवीचा भाग आहेच, परंतु खरे कारण असे की कोणत्याही पक्ष्याचा पोटा उघडून पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही, आणि ही खोड मला माझ्या मावशीने लावली.

मावशीचे घर गोव्यात करमळीला, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी सुटीत तिच्याकडे गेलो की चतुर्थी, एकादशी, सोमवार टाळून एखाद्या बुधवारी गावठी कोंबडी कापली जाई, आणि ती साफ करायचे काम मावशी परसातल्या दगडावर बसून स्वतः करी. पोटा हातात घेतल्यावर तो जांभळट, घट्ट आणि दोन्ही बाजूंनी फुगीर दिसे, जणू एखाद्या पैलवानाची मूठ. ती त्याला कडेने चीर देई, उलटा करी आणि आतले पिवळे, सुरकुतलेले अस्तर मोजा काढावा तसे अखंड सोलून काढी. त्या अस्तरात भाताची टरफले, गवताचे तंतू, एखाददुसरा किड्याचा पाय आणि मूठभर खडे असत. "हे हिचे दात," असे मावशी सांगे. एकदा त्या खड्यांत हिरव्या काचेचा तुकडा निघाला, कडा झिजून गुळगुळीत झालेला. मावशीने तो उजेडात धरला आणि कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की ही कोंबडी कोणाच्या परसात चरत होती ते आता सिद्ध झाले आहे, कारण आमच्या घरात गेल्या दोन वर्षांत हिरवा चुडा कोणी भरलेला नाही.

पोट्यावरून पक्ष्याचा पत्ता काढता येतो, हे मला त्या दिवशी कळले. पत्ता बदलला की पोटाही बदलतो, हे कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

दुकानातल्या ब्रॉयलर कोंबडीचा पोटा मावशीकडच्या कोंबडीच्या पोट्याशेजारी ठेवला तर दोन्ही एकाच जातीचे अवयव आहेत यावर विश्वास बसणार नाही. ब्रॉयलरचा पोटा लिबलिबीत आणि हलका असतो, कारण तिला मिळणारे खाद्य आधीच गिरणीतून दळून आलेले असते आणि पोट्याला करायला काम उरत नाही. कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. खाद्यात अख्खे धान्य किंवा टरफलांचा कोंडा मिसळला की त्याच कोंबड्यांचा पोटा वजनदार होतो. तालमीत जाणाऱ्याचे दंड भरतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की तालीम कोंबडीच्या पोटात चालते आणि तिचा उस्ताद म्हणजे समोर पडलेला दाणा.

करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रानबदकांकडे मी याच नजरेने पाहते. कोकण रेल्वेच्या गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशांना रुळांच्या बाजूला नुसता पाणथळ हिरवा पट्टा दिसतो. दुर्बीण लावली की त्या हिरव्यात तलवार बदकांच्या टोकदार शेपट्या, भुवई बदकांच्या डोळ्यांवरच्या पांढऱ्या रेघा आणि थापट्यांच्या फावड्यासारख्या चोची दिसू लागतात. अडई वर्षभर इथलीच. बाकीची मंडळी उत्तरेकडून, मध्य आशिया आणि सायबेरियाच्या दिशेने, पाऊस ओसरल्यावर येतात आणि मार्चच्या सुमारास परततात. तळे पावसात भरते, वायंगण शेतीला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, पाणी देता देता उन्हाळ्यापर्यंत उतरत जाते, आणि त्यात देवभात, म्हणजे रानटी भात, माजलेला असतो. तलवार बदक शेपूट आकाशाकडे करून अर्धे अंग पाण्यात खुपसते तेव्हा ते बहुधा चिखलात पडलेल्या बियाच शोधत असते. ती बी टणक, वर तूस, आणि बदकाला दात नाहीत. ती फोडायची कुठे, याचे उत्तर पोट्यात, शास्त्रीय मराठीत ज्याला पेषणी म्हणतात त्या जात्यात आहे. खालची तळी आणि वरची तळी या दोन्हींच्या जागी जाड स्नायू आणि मधे बदकाने मुद्दाम गिळलेली वाळू व खडे, अशी ती रचना.

आता प्रत्येक बदकाचे जाते सारखे नसते. मासे खाणारी मर्गान्सर जातीची बदके घेतली तर त्यांचा पोटा पातळ भिंतीचा असतो, कारण मासा विरघळवायला आम्ल पुरेसे असते. उत्तरेच्या समुद्रातली आयडर बदके कालवांसारखे शिंपले कवचासकट गिळतात आणि आत चिरडतात, त्यामुळे त्यांचा पोटा दांडगा. पाणवनस्पतींची पाने खाणाऱ्या बदकांचे आतडे लांब असते आणि लहान-मोठ्या आतड्यांच्या जोडावर असणाऱ्या दोन अंधनाला, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या नळ्याही लांब असतात, कारण पानातला चिवट भाग आंबवायला जागा लागते आणि वेळही लागतो. एवढे ऐकून कोणी म्हणेल की जातीनुसार शरीर वेगळे असायचेच, त्यात नवल काय?

नवल पुढे आहे. 1970 च्या दशकात मॅलार्ड बदकांवर, म्हणजे आपल्या पाळीव बदकांच्या हिरव्या डोक्याच्या रानटी पूर्वजांवर, असे प्रयोग झाले की एकाच जातीच्या पक्ष्यांना वेगवेगळा आहार द्यायचा आणि नंतर आतले अवयव मोजायचे. चोथा अधिक असलेला आहार मिळालेल्या पक्ष्यांचे आतडे लांबले आणि पोटा वाढला. पुढे इतर बदकांतही हेच दिसले. जात तीच, वयही तेच, पण पानात वाढलेले जेवण वेगळे, म्हणून आतली इमारतही वेगळी. हा बदल काही पिढ्यांनी घडत नाही. काही आठवड्यांत, कधी त्याहून लवकर घडतो आणि आहार बदलला की उलटही होतो. आपण घराला माळा काढतो आणि तो आयुष्यभर झाडत बसतो. बदक मात्र गरज संपताच माळा उतरवून ठेवते.

उतरवून ठेवण्याचे कारण उघड आहे, ते म्हणजे खर्च. आतडे, यकृत आणि पोटा हे शरीरातले खाऊ अवयव. स्वस्थ बसलेल्या पक्ष्यालाही त्यांच्यासाठी ऊर्जा मोजावी लागते, आणि उडणाऱ्या पक्ष्याला तर त्यांचे ओझेही वाहावे लागते. या बाबतीत बदकांच्या पुढे गेलेले पक्षी किनाऱ्यावरच्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांत सापडतात. अलास्काहून न्यूझीलंडला जाणारा गॉडविट निघण्यापूर्वी भरमसाट चरबी साठवतो आणि त्याच वेळी त्याचा पोटा, यकृत, मूत्रपिंडे व आतडी आक्रसून लहान होतात. 2007 साली उपग्रहाद्वारे माग काढलेली एक मादी सुमारे 11,680 किलोमीटर न थांबता, साधारण आठ दिवस उडत राहिली. आठ दिवस स्वयंपाकच करायचा नसेल तर पाटा-वरवंटा पाठीवर कशाला न्यायचा, असा तो रोकडा हिशेब आहे. गोव्याबाहेर निघताना खोबरेल, कोकम, उकडे तांदूळ आणि शिवाय खोबरे किसायची आदोळीही पिशवीत भरणाऱ्या आमच्या कुटुंबाने या पक्ष्याकडून काही शिकावे असे मला फार वाटते, पण ते व्हायचे नाही.

आहाराची ही कथा झाली. राहत्या जागेची कथा ऐकायची तर करमळी सोडून रायबंदरच्या फेरीबोटीने चोडणला जायला हवे. तिथे मांडवीच्या काठी सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचे, सगळे खारफुटीचे. आजूबाजूला खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते, पसरलेली. बांध, बांधात बसवलेली मानस, भरतीला मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी तिची लाकडी दारे, आणि मानशीजवळची पोंय, म्हणजे खोल डोह. इथले पाणी ऋतूप्रमाणे गोडे, मचूळ आणि खारे होत राहते. माणसाने या खारटपणाशी जुळवून घेण्यासाठी कोरगूट भात निवडला. बदकाने काय करावे?

पक्ष्यांची मूत्रपिंडे फार खारट लघवी तयार करू शकत नाहीत, तरीही समुद्रपक्षी खारे पाणी पिऊन जगतात, हे कोडे बराच काळ होते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणकावळ्यांवर काम करून ते सोडवले. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत बसलेल्या ग्रंथी रक्तातले मीठ वेगळे काढतात आणि समुद्राच्या पाण्याहून खारट थेंब नाकपुडीतून बाहेर सोडतात. बदकांनाही या लवणग्रंथी असतात, पण गोड्या पाण्यातल्या बदकात त्या इवल्याशा आणि निद्रिस्त असतात. तेच बदक खाऱ्या पाण्यावर ठेवले की ग्रंथी काही दिवसांत भरू लागते आणि दुपटीहून मोठी होते. पुन्हा गोडे पाणी मिळाले की ती ओसरते. म्हणजे एकाच थव्यातले एक बदक हिवाळाभर करमळीला राहिले आणि दुसऱ्याने मुक्काम खाजनात टाकला, तर फेब्रुवारीत त्यांची डोकी आतून सारखी असणार नाहीत. वरून पाहणाऱ्याला मात्र दोन्हींची पिसे तीच. एकदा खाजनाच्या बांधावरून मी एका थापट्याला चोच हलवून थेंब झटकताना पाहिले. तो थेंब मिठाचा होता की नुसता पाण्याचा, हे दुर्बिणीतून ठरत नाही, तरी मी तो मिठाचाच मानला आहे.

मावशीच्या शेजारी राहणारे भाई वयाने बरेच मोठे होते आणि त्यांच्याकडे पोर्तुगीज काळातली एकनळी बंदूक होती. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला आणि पुढे बदकांची शिकार थांबली, पण भाईंच्या गोष्टी थांबल्या नाहीत. करमळीच्या बदकाचे मांस भाताचे आणि खाजनातल्या बदकाचे सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, लागते, डोळे मिटूनसुद्धा मी कोणते कुठले ते सांगेन, असा त्यांचा दावा होता. तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटते की त्यांनी जिभेने तेच ओळखले होते जे संशोधक वजनकाट्याने ओळखतात.

भाईंच्या बंदुकीचे छर्रे शिशाचे असत, आणि इथे पोट्याची गोष्ट काळवंडते. नेम चुकलेले छर्रे तळाच्या चिखलात जातात. बदकाला खडे हवेच असतात, आणि गोल, टणक छर्रा त्याला खड्याहून वेगळा वाटत नाही. पोट्यात गेल्यावर दळण सुरू होते, आम्ल आपले काम करते आणि शिसे रक्तात उतरते. मग ज्या स्नायूंनी ते दळले तेच लुळे पडतात. अन्न पुढे सरकत नाही, पोट्याच्या वरचा भाग दाण्यांनी गच्च भरून राहतो, पोट्याचे अस्तर पित्ताने हिरवे पडते आणि पक्षी भरल्या पोटी उपाशी मरतो. इथेही आहाराचा हात असतोच. टणक धान्यावर जगणाऱ्या बदकाला हे विष अधिक बाधते आणि प्रथिने व चुना भरपूर असलेले मऊ अन्न मिळाले तर त्याचा जोर कमी होतो. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी शिशाच्या छऱ्यांवर 1991 पासून देशभर बंदी आहे. ब्रिटनमध्ये गळाला लावायच्या शिशाच्या वजनांमुळे हंस मरू लागले, तेव्हा 1987 साली त्या वजनांवर निर्बंध आले. आपल्याकडे पाग टाकणाऱ्याच्या जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या दिसतात. पोंयीच्या काठावर तुटून पडलेली एखादी गोळी दिसली की मी ती उचलून पर्समध्ये टाकते, आणि घरी पर्स का जड झाली याचे स्पष्टीकरण देत बसते.

फेब्रुवारी संपत आला की तळ्यातले पाणी खाली जाते आणि बदकांचे जेवणही पालटू लागते. उत्तरेत पोहोचल्यावर माद्यांना अंडी घालायची असतात, आणि अंड्याला लागणारी प्रथिने बियांतून पुरत नाहीत, म्हणून त्या गोगलगायी आणि किड्यांच्या अळ्यांकडे वळतात. हिवाळाभर देवभात दळणाऱ्या पोट्याला मऊ अन्नाची नोकरी मिळते. सगळ्या बिया मात्र दळल्या जात नाहीत. काही जात्यातून सहीसलामत सुटतात आणि कित्येक किलोमीटर दूर, दुसऱ्याच पाणथळीत विष्ठेतून उतरून रुजतात. तळ्याकाठची एखादी गारगोटीही अशीच काही दिवस सोबत जात असेल आणि झिजून झिजून वाळू होईपर्यंत परक्या गवताचे दाणे फोडत असेल.

मावशी आता ऐंशीच्या पुढे आहे आणि कोंबड्या पाळत नाही. मागच्या मार्चमध्ये तिच्या पडवीत बसून मी तिला हे सगळे सांगितले, तेव्हा तिने नीट ऐकून घेतले, सुपातल्या तांदळातला खडा वेचून अंगणात टाकला आणि विचारले, "आणि तिकडे त्यांचा पोटा उघडून बघते कोण?"